दोन उंचवट्यांमधली फट

लेव्हलकाकांचा अर्धा जन्म रस्ते सपाट करण्यात गेला. आधी रोलर, मग लोडर. कुठेही खडी पसरलेली दिसली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'लेव्हल बघा'. त्यावरून नाव पडलं ते पडलंच. अशा माणसाला निवृत्तीनंतर काम मिळालं ते मोटोक्रॉसच्या राष्ट्रीय स्पर्धेचा ट्रॅक बांधण्याचं, म्हणजे चांगल्या सपाट मैदानावर मातीचे ढिगारे उभे करायचे, आणि लोकांनी त्यावरून मोटरसायकली उडवायच्या. "जन्मभर खड्डे बुजवलेत, आता पाडत बसा," बायको म्हणाली. काकांना हसू आलं नाही, कारण ते खरंच होतं.

वर्षभरात सहा गावांत सहा फेऱ्या व्हायच्या आणि सगळ्या गुणांची बेरीज करून विजेता ठरायचा. काका सहाही ठिकाणी लोडर घेऊन जायचे आणि सहाही ठिकाणी तीच कटकट. पाणी मारलं तर चिखल झाला म्हणून ओरड, नाही मारलं तर धूळ उडते म्हणून ओरड. एकाला वळण आवळ वाटायचं, दुसऱ्याला तेच सैल. सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही कधी फावडं हातात धरलेलं नसायचं. काका सगळ्यांना 'बघतो' म्हणायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे.

शेवटच्या फेरीला मात्र स्पर्धेच्या संचालकांनी हट्ट धरला. प्रेक्षकांच्या अगदी समोर त्यांना दोन मोठे उंचवटे हवे होते आणि मध्ये खोल फट. पहिल्यावरून गाडी उडवायची, दुसऱ्याच्या पलीकडच्या उतारावर उतरायचं. उडी तोकडी पडली तर गाडी सरळ दुसऱ्या उंचवट्यावर आदळणार. काकांनी सांगून पाहिलं की मधली फट मातीने भरू, म्हणजे कमी पडणारा निदान सपाटीवर पडेल.

"काका, सपाट बघायचं तर लोक घरासमोरचा रस्ता बघतील की," संचालक म्हणाले. आजूबाजूचे हसले. काकांनी फट ठेवली.

सकाळचा सराव ठीक झाला. दुपारच्या सरावाला वारा फिरला आणि समोरून यायला लागला. काका दुसऱ्या उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर दाताळं घेऊन उभे होते. सकाळी गाड्या टेकल्याचे चाकांचे ठसे उताराच्या मध्यावर होते, आता ते वर सरकत माथ्यापर्यंत आले होते. दोन ठसे तर माथ्याच्या अलीकडच्या कडेवर होते.

तेवढ्यात अकरा नंबरचा स्वार गॉगल पुसायच्या निमित्ताने जवळ आला. स्पर्धेत तो पाच गुणांनी पुढे होता. "काका, ती फट बुजवता येईल का? वाऱ्यात गाडी पोचत नाहीये."

"मग संचालकांना सांग."

"मी कसं सांगू? घाबरला म्हणतील."

दहा मिनिटांनी चार नंबर आला. तो गुणांत दुसरा. त्याचंही तेच म्हणणं, वर 'माझं नाव घेऊ नका' अशी विनवणी. काकांनी संचालकांना गाठलं आणि नावं न घेता अडचण सांगितली. संचालकांनी सगळ्या स्वारांना गोळा करून विचारलं, उडीबद्दल कोणाची तक्रार आहे का. सगळे आपापले बूट बघत राहिले. अकरा नंबर तर म्हणाला, "मस्त आहे."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते लोडरवर चढले, तो थेट फटीत नेऊन उभा केला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि बसून राहिले.

संचालक धावत आले. आधी समजावलं, मग दुसरा चालक आणायची धमकी दिली, मग किल्ली मागितली. भोंग्यावरून 'तांत्रिक कारणामुळे' अशी घोषणा झाली. प्रेक्षकांनी शिट्ट्या सुरू केल्या. मध्येच काकांचा फोन वाजला.

"अहो, टीव्हीवर कोणाचं तरी यंत्र मध्येच अडकलेलं दाखवतायत," बायको म्हणाली. "तुमचं का?"

"अडकलं नाही. मी उभं केलंय."

"मग नीट बसा. कमरेमागे उशी घेतलीत का?"

अर्ध्या तासाने संचालकांनी घड्याळ बघितलं, उतरणारं ऊन बघितलं आणि हात टेकले. काकांनी पाऊण तासात फट भरून, दाबून, वरचा भाग सारखा करून दिला.

शर्यत झाली. अकरा नंबर तीनदा तोकडा पडला, सपाटीवर धडपडला, सावरला. चार नंबरने शर्यत मारली, पण दुसऱ्या आलेल्या अकरा नंबरने दोन गुणांनी अजिंक्यपद राखलं. मंचावर त्याने वडिलांचे, मेकॅनिकचे, टायरवाल्यांचे आभार मानले आणि वर ऐकवलं की सकाळची उडी जास्त मजेदार होती. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत होतं, 'लोडर चालकाच्या आडमुठेपणामुळे अंतिम फेरी रेंगाळली.'

"पण बरोबर तुमचंच होतं ना?" घरी बायकोने विचारलं.

"कसं कळणार?" काका वैतागून म्हणाले. "कळण्यासारखं काही झालंच नाही."

पुढच्या वर्षी जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. संचालकांचा फोन आला तेव्हा वारा बघून उडी बदलायचा अधिकार लेखी द्या, असं मुद्दाम अडवायला म्हणून सांगितलं. आठवड्यात तसं पत्र आलं. आता नाही म्हणायलाही जागा उरली नाही, यावरून काका दोन दिवस धुमसत होते.

त्याच सुमाराला अकरा नंबरने फोन केला. "काका, त्या दिवशी मी तीनदा कमी पडलो होतो."

"मोजलंय मी."

"ते... थँक्यू काका. बाबांना मात्र सांगू नका."

काकांनी फोन ठेवला, कपाळाला हात लावला आणि लोडरला ग्रीस द्यायला अंगणात गेले.