सतरा एकांचा भागाकार

पेंडुरकर सरांच्या वहीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर एकाच ओळीत सतरा एक लिहिलेले असायचे. सिल्वासाच्या शाळेत मी इतिहास शिकवायला गेले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली. "बाई, ह्या आकड्याक भाग जातलो."

"कशाने?"

"तो अजून गावाक नाय. पण जातलो." म्हणजे अजून सापडला नव्हता, पण भाग जाणार ही खात्री होती.

त्या आकड्याचा भाजक चौतिसाच्या पाढ्यातल्या कुठल्या तरी आकड्याच्या एक पुढेच सापडणार, एवढं त्यांनी सिद्ध करून ठेवलं होतं. तशा अविभाज्य संख्या शोधायच्या आणि एकेकीने भागायचं. शाळेआधी एक, मधल्या सुट्टीत एक, डोकमर्डीच्या आपल्या खोलीवर एक. रोज तीन, हातानं. बाकी उरली की आकड्यांच्या बेरजा करून नवाचा ताळा घ्यायचा, तो जुळला की सही.

मसाटच्या कारखान्यात कामाला असलेले जळगावकडचे एक पालक म्हणाले, "सर, येवढं भागून काय भेटनार?"

"आत्तापर्यंत तरी बाकीच भेटली," सर शांतपणे म्हणाले. निवृत्तीआधी भाजक शोधायचा, मगच मालवणला घरी जायचं, हे त्यांनी सगळ्या शाळेला सांगून ठेवलं होतं.

एकदा ते मलेरियाने आडवे झाले. रोजचा नेम मोडू नये म्हणून वहीत दहा संख्या लिहून ती माझ्याकडे पाठवली. मी दोन केल्या आणि वैतागले. सतरा आकड्यांना सात आकड्यांनी भागून बघा, म्हणजे कळेल. उरलेल्या आठांपुढे मी मनानेच बाक्या लिहून टाकल्या. हा माणूस पोरांचा साधा गुणाकारही तपासल्याशिवाय सोडत नसे. माझ्या पानावर मात्र त्यांनी ताळा न घेता सही केली, बाईंचं अक्षर आहे म्हणून.

पुढे दोन वर्षं ते भागत राहिले. निवृत्तीला महिना उरला तरी "जातलो" म्हणायचे, पण आता हळू आवाजात. ते मला ऐकवेना. शेवटी मी त्यांच्याकडून ती जुनी वही मागून घेतली, ते पान काढलं आणि उरलेल्या आठांना ओळीने भागत बसले. खोट्या आठांपैकी पाचवी संख्या होती वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. बाकी शून्य आली. मी तीनदा करून पाहिलं.

डोकमर्डीला गेले तेव्हा सर सुतळीने पुस्तकं बांधत होते. वही पुढे ठेवून मी सगळं सांगितलं. खूप लाज वाटत होती. त्यांनी आधी ताळा घेतला. "भाजकाचे चार, भागाकाराचे दोन. चार दुणे आठ. सतरा एकांचे आठ." मग खाली बसले. "भाग गेलो," म्हणाले. "गेलो गो बाय."



"आता या भागाकाराला भाग जातो का, ते बघायचं?" मी विचारलं.

"तो अविभाज्य. आत्ताच सांगतो. त्याला भाग गेला तर एक भाजक पाऊण लाखाच्या आतला असणार. तो मोठ्या आकड्यालाही भागणार, म्हणजे मला पहिल्याच वर्षी भेटला असता."

मग त्यांनी ते पान उघडलं, स्वतःची सही खोडली आणि लिहिलं, 'ताळा न घेता सही केली. चूक माझी.' मला रडूच आलं. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"अजून तीन राहिल्यात, बाई. वहीत खोटी बाकी नको."

मी तिथेच जमिनीवर बसून तिन्ही भागाकार केले. सरांनी तिन्हींचा ताळा घेतला, मगच सही केली.