कोणत्याही मातीत

देऊळघाटच्या इंद्रभान पैलवानाला दोन गोष्टी सहन होत नसत. एक पातळ ताक आणि दुसरी मोडलेला शब्द. ताकाचं एक वेळ तो चालवून घेई. शब्दाच्या बाबतीत मात्र माणूस भलताच चोख. "उद्या सकाळी येतो" असं कोणाला म्हणाला आणि घरी पाहुणे आले, तर पाहुण्यांना ओट्यावर बसवून तो सकाळी त्याच्या दारात हजर. तिथे त्याचं काहीच काम नसे. पण येतो म्हणाला होता ना!

देह असा, की घरात शिरताना आधी एक खांदा येई, मग पैलवान, मग उरलेला खांदा. दोन्ही कान कुस्तीत चुरगळून करंज्यांसारखे झालेले. वय पस्तीस. डावा गुडघा थंडीत कुरकुरायचा, ही गोष्ट त्याची बायको पुष्पाबाई सोडली तर कोणाला ठाऊक नव्हती. अजून दोन हिवाळे निघतील, फार तर तीन, असा तिचा अंदाज होता.

या दोन-तीन हिवाळ्यांत इंद्रभानला एकच गोष्ट हवी होती. जानेफळच्या वैजनाथशी निकाली कुस्ती. चार वर्षांपूर्वी मेहकरच्या जत्रेत दोघं भिडले होते. दीड तास झाला, दिवस मावळला, खाली कोण आणि वर कोण हे पंचांना दिसेनासं झालं, तेव्हा कुस्ती बरोबरीत सोडवली. तेव्हापासून दोन तालुक्यांत सोयरीक जमवायला बसलेली माणसंसुद्धा मुलीची पत्रिका बाजूला ठेवून आधी हाच वाद घालत. इंद्रभान मोठा की वैजनाथ?

या वादाचा वास मोतीराम ठेकेदाराला लागला. महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती आणि सुगी संपली की गावोगाव टुरिंग टॉकीजचे तंबू लागत. त्यातल्या निळ्या तंबूच्या मालकाशी मोतीरामने करार केला. सिनेमाच्या आधी पडद्यापुढे माती पसरून तिकिटावर कुस्ती लावायची. मोतीरामखेरीज कोणाचा पैलवान तंबूत घ्यायचा नाही, आणि मोतीरामचा पैलवान त्या तंबूखेरीज कुठे दिसायचा नाही. दोघांनी एकमेकांना हे लिहून दिलं. आता फक्त पैलवान मिळवायचा राहिला होता.

"जत्रेत काय ठेवलं हाये बे?" मोतीराम इंद्रभानला म्हणाला. "अर्धी पब्लिक झाडावर चढून फुकट पाह्यते. तू नारळ अन् फेटा घेऊन घरी. तंबूत खुराक माह्याकडं. दूध, बदाम, तूप. हप्त्याच्या दोन कुस्त्या."

"वैजनाथ भेटन काय तिथं?"

"सारेच भेटतीन."

इंद्रभानला तेवढंच ऐकायचं होतं.

बुलढाण्याला कचेरीच्या ओसरीत वामनराव अर्जनवीस बसत. साधी पावतीसुद्धा ते अशा भाषेत लिहीत, की ती घेणाऱ्याला आपल्यावर खटला भरलाय असं वाटे. मोतीराम सांगू लागला, "लिहा, कोणत्याही मैदानात..." वामनरावांनी हात वर केला. "मैदान शाळेचंही असतं. पैलवान जिच्यात उतरतो तिला माती म्हणतात. कायद्याला शब्द नेमका लागतो." आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदरहू पैलवान तीन वर्षेपर्यंत ठेकेदाराच्या लेखी परवानगीवाचून कोणत्याही मातीत उतरणार नाही.' इंद्रभानने सही केली. त्याला स्वतःला सहीहून शब्द मोठा वाटे, म्हणून "शब्द देल्ला" असंही वर म्हणाला.

पंधरवड्याने पिवळ्या तंबूचा ठेकेदार वामनरावांकडे आला. "मोतीरामसारखाच कागद करा," म्हणाला. वामनरावांनी अक्षर न बदलता तोच मजकूर उतरवला आणि नावाच्या जागी वैजनाथ घातलं.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात दोन तंबू फिरले आणि दोन्ही तंबूंवर बोर्ड एकच: 'अजिंक्य'. निळ्या तंबूत इंद्रभानपुढे उभं राहायला मोतीरामने तीन माणसं ठेवली होती. मंगळवारी जो 'लोणारचा वाघ' म्हणून पडला, तोच शुक्रवारी मिशी चिकटवून 'मलकापूरचा सिंह' म्हणून आला. सिंहाला उचलताना मिशी इंद्रभानच्या हातात आली. ती त्याने सभ्यपणे परत केली आणि मग सिंहाला आपटलं.

"वैजनाथाची जोड कवा लावता?" इंद्रभानने शेवटी विचारलं.

"तो पिवळ्या तंबूचा हाये," मोतीराम म्हणाला.

"मंग मी तिकडं जातो."

"तू निळ्याचा हायेस."

"मंग त्याले इकडं बलावा."

"त्याचा मालक म्हन्ते, पिवळ्यातच पाह्यजे."

"मंग जत्रेतच होऊ द्या ना एकदाची!"

"काऊन बे, याड लागलं काय?" मोतीराम आता खरं बोलला. "एक जन पडला, तं दुसऱ्या दिवशी तंबूत काय दाखवू? पडलेला अजिंक्य?"

आपल्याला कुस्तीसाठी ठेवलेलं नाही, ती कुस्ती होऊ नये म्हणून ठेवलंय, हे इंद्रभानच्या ध्यानात आलं. पण शब्द दिला होता.

पावसाळ्यात तंबू उठले. नागपंचमीला देऊळघाटात कुस्त्यांचा फड भरला. पहिली कुस्ती दरवर्षी इंद्रभानची. गावकरी बोलवायला आले, तर त्याने कागद दाखवला आणि चपला न काढता फडाच्या कडेला बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाईने त्याला डवरणीसाठी उठवलं. कपाशीत तण माजलं होतं. पैलवान चहा फुंकत बसला.

"अवो, चाला ना," ती म्हणाली. "का वावराले बी टिकिट लावलं मोतीरामनं? म्हने कोनत्याही मातीत उतरनार नाही! मंग वावरात काय, पिठात उतरता?"

ती बोलून गेली ती टोमणा म्हणून. इंद्रभानचा कप तोंडापाशीच थांबला. त्याने तो खाली ठेवला, कागद उचलला आणि चालत बुलढाणा गाठलं.

"वावर बी आलं काय हो याच्यात?"

वामनरावांनी कागद दोनदा वाचला. आपल्या मजकुरात भोक आहे हे मान्य करण्यापेक्षा त्यांनी पैलवानाचं शेत बुडवणं पसंत केलं. "कोणत्याही म्हणजे कोणत्याही," ते म्हणाले.

इंद्रभान मोतीरामकडे गेला. "वावरापुरती लेखी परवानगी द्या."

मोतीराम हसला आणि मग त्याचं हसू आटलं. वावराची परवानगी दिली, की हा वैजनाथला वावरातच बोलावणार आणि अख्खा तालुका धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून फुकट पाहणार. "जा ना बे, कोन अडवते तुले? तोंडी सांगतो ना!"

"कागदात लेखी हाये," इंद्रभान म्हणाला आणि परत आला.

तेव्हापासून त्याने वावरात पाय टाकला नाही. चालणं तर भागच होतं, म्हणून त्याने आपल्यापुरता एक फरक ठरवून घेतला. चपला घालून जिच्यावर चालतो ती जमीन, चपला काढून जिच्यात पाय टाकतो ती माती. जमिनीवर तो हवं तेवढं फिरे. माती दिसली की थांबे. डवरणी पुष्पाबाईने मजूर लावून केली, वेचणीही केली. वेचणाऱ्या बाया तिला विचारत, "पुष्पाबाई, तुमचं अजिंक्य कुठं हाये आज?"

"धुऱ्यावर," ती म्हणे. "वाळू घातलं हाये."

धुऱ्यावर बसून बसून इंद्रभानचा गुडघा मात्र आखडला. पौषात थंडी वाढली, तसा तो सकाळी भिंतीला धरून उठू लागला. पुष्पाबाईने टोमणे बंद केले. ते त्याला जास्त लागलं.

पौषातच तो कापसाची गाडी घेऊन खामगावला सरकी काढायच्या एका जिनात गेला. आवारात गाड्यांची रांग होती आणि मधोमध कापसाची दोन पुरुष उंच गंजी. दोन गाड्या पुढे बैलांमागे धुरीवर बसलेल्या माणसाचेही कान करंज्यांसारखे होते.

"काय पैलवान," इंद्रभानने हाक मारली, "तू बी अजिंक्यच काय?"

"तुह्या किरपेनं," वैजनाथ वळून म्हणाला. "पिवळ्या तंबूत अख्खा उन्हाळा एकाच मान्साले पाडून राह्यलो. आता तो माह्या आधीच पडते."

दोघं हसले. मग वैजनाथ खाली उतरला. त्याच्या पायात चपला होत्या, आणि इंद्रभानच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"तुह्या कागदात बी 'कोनत्याही मातीत'च हाये काय?"

"हाव," वैजनाथ म्हणाला. त्याने वर गंजीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पन पैलवान, तो तं कापूस हाये."

पुढच्या पाच मिनिटांत आवारातलं काम थांबलं. रांगेत देऊळघाटचे उकंडराव होते. जुने पंच, मेहकरची ती कुस्ती बरोबरीत सोडवणाऱ्यांतले एक. त्यांना दोघांनी धरून गंजीवर चढवलं. जिनाचा मॅनेजर ओरडत बाहेर आला, आतली भानगड कळल्यावर परत गेला आणि खुर्ची घेऊन आला.

कुस्ती सुरू होण्याआधी पैलवान एकमेकांच्या हातावर माती देतात. इथे त्यांनी एकेक मूठ कापूस दिला.

गुडघाभर कापसात डाव लागेनात. ज्याने पुढे पाय टाकला तो रुतला, ज्याने मागे घेतला तोही रुतला. दोघांच्या मिशांना, कानांना, भुवयांना कापूस चिकटून पाऊण तासात दोन म्हातारे झुंजताना दिसू लागले. खालून गाडीवाले ओरडत होते, "सोडू नको बे!" कोणाला ते कोणालाच कळत नव्हतं. इंद्रभानचा गुडघा मात्र त्या मऊपणात एकदाही कुरकुरला नाही. त्याने वैजनाथची मान काखेत घेतली, कमरेचा झटका दिला आणि ढाक मारली. वैजनाथ हवेत गेला, पाठीवर आला आणि कापसात गडप झाला. त्याच्यापाठोपाठ इंद्रभानही गडप झाला.

उकंडराव खड्ड्यात वाकून शोधू लागले. "पाठ कुठं हाये बे याची?"

"खाली हाये!" आतून इंद्रभानचा आवाज आला.

दोघं वर आले. उकंडरावांनी वैजनाथची पाठ पाहिली. पांढरी स्वच्छ. त्यांनी ती तळव्याने चोळूनही पाहिली. "चीत म्हनायले पाठीले माती लागा लागते," ते शेवटी म्हणाले. "इथं मातीच नाही. मी निकाल देऊ कायच्यावर?"

आवारात एकच गलका झाला. इंद्रभान गंजीवर तसाच उभा राहिला. चार वर्षं आणि एक अख्खा खरीप घालवून कुस्ती पुन्हा बरोबरीत सुटत होती.

वैजनाथ गंजीवरून घसरत खाली आला. चपला बाजूला पडल्या होत्या, त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अनवाणी जमिनीवर उभा राहिला, वाकला, मूठभर माती उचलली आणि पुन्हा गंजीवर चढून ती उकंडरावांच्या हातात देत त्यांच्याकडे पाठ केली.

"लावा."

"अन् तुह्या कागदाचं?" उकंडरावांनी विचारलं.

"मोडला तं मोडला. मी पडलो, माह्या पाठीले माहीत हाये. लावा तुमी."

उकंडरावांनी त्याच्या दोन्ही खांद्यांना माती लावली आणि इंद्रभानचा हात वर केला.

ही बातमी गाड्यांच्या आधी गावोगाव पोचली. त्या उन्हाळ्यात दोन्ही तंबू लागले, बोर्डही लागले, पण कुस्तीच्या वेळी लोक बाहेर विड्या ओढत बसत आणि सिनेमा सुरू झाला की आत येत. विचारायला काही उरलंच नव्हतं. पिवळ्या ठेकेदाराने वैजनाथला कागद मोडल्याबद्दल चार शिव्या दिल्या आणि कागदच परत दिला. महिन्याभराने मोतीराम देऊळघाटला आला. इंद्रभान धुऱ्यावर बसला होता. वावरात वखर उभा होता.

"घे बे, फाडून टाकतो," मोतीराम कागद काढत म्हणाला.

"फाडू नका. लेखी परवानगी द्या."

मोतीरामने कपाळावर हात मारला आणि कागदाच्याच पाठीवर लिहिलं, 'मातीत उतरण्यास हरकत नाही.' पुष्पाबाई दुसरी शिकलेली. तिने कागद हातात घेऊन एकेक अक्षर लावत वाचला आणि परत दिला.

"कोनत्याही लिवा," ती म्हणाली.

मोतीरामने मुकाट्याने 'मातीत'च्या आधी 'कोणत्याही' घातलं. इंद्रभान गुडघ्यावर हात टेकून उठला, धुऱ्यावर चपला जोडीने काढून ठेवल्या आणि वखराकडे गेला.