वृषालीच्या फिल्मवरची काळी कोर

उद्या सकाळी दहा वाजता वृषाली तिच्या सरांना सांगणार आहे, की लॅबमध्ये दोन वर्षं खपून बनवलेली तिची फिल्म निकामी आहे. संध्याकाळी फोनवर तिनं हे इतक्या शांतपणे सांगितलं, की तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

वृषाली माझी थोरली. निरगुडसरला वाढली, मंचरला बारावी केली, पुण्यात एमएस्सी. आता तिथल्याच एका संस्थेत पीएचडीचं चौथं वर्ष. लहानपणी विहिरीवरची मोटर बंद पडली, की पप्पांच्या आधी हीच स्टार्टर उघडून बसायची. मी ओरडायचे. आता ती लेझरशेजारी बसते आणि मला ओरडताही येत नाही.

दिवाळीत ती आली तेव्हा आम्ही बराखीत साठवलेल्यातला उरलेला कांदा निवडत होतो. ह्यांनी विचारलं, "तू नेमकं करतीस काय गं तिथं? लोकं इचारत्यात, मला काय सांगता येत न्हाई."

"पप्पा, काचेवर धातूचा थर असतो, त्यालाच फिल्म म्हणतात. केसाच्या काही हजाराव्या भागाइतका पातळ. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचं चुंबक एकतर वर तोंड करून असतं, नाहीतर खाली. मी त्यावर प्रकाशाचा ठोका मारते. सेकंदाचे दहा लाख कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्याएवढाच. तेवढ्यानं चुंबकाचं तोंड उलटं होतं."

"हात न लावता?"

"हात नाही, दुसरं चुंबकही नाही. नुसता प्रकाश. उद्या कॉम्प्युटरमधली माहिती अशी लिहिता येईल."

शेजारच्या ठमाबाई म्हणाल्या, "मंग आमची मोटर पन फिरव की उजेडानं! लाईट येती रातची, आन् बिबट्याच्या भ्यानं शेतात जातंय कोन?"

सगळ्यांत जास्त वृषालीच हसली. तेव्हा तिची फिल्म चांगली चालत होती.

दिवाळीनंतर तिच्या लेझरच्या टेबलावरचं मोठं चुंबक बिघडलं. प्रयोगाआधी सगळी फिल्म एकाच तोंडाची करून घ्यावी लागते, ते काम त्याचं. दुरुस्तीला गेलेलं अजून आलं नाही. म्हणून ती दुसऱ्या इमारतीतल्या चुंबकावर फिल्म तयार करते, प्लास्टिकच्या डबीत ठेवते आणि चालत लेझरपाशी आणते. तेव्हापासून फिल्मवर एक डाग दिसतो. जिथं प्रकाश पडलेलाच नाही, तिथंही चुंबक उलटलेलं. नेहमी एकाच कडेला, काळी कोर, चंद्रासारखी. दोन वर्षांत बसवलेल्या त्याच कृतीनं तिनं चार वेळा नवी फिल्म बनवली, तरी कोर आहेच. सर म्हणाले, थरच कच्चा असेल. उद्या तिनं ते मान्य केलं, की पुढचं काम दुसऱ्याच्या फिल्मवर होणार आणि तिची दोन वर्षं प्रबंधातून बाहेर.

ती डबी ज्या बटव्यातून नेते, तो मी शिवलाय. आमचा बचत गट पर्स आणि बटवे शिवतो. दिवाळीत तिची डबी साध्या पिशवीत पाहिली आणि मखमलीचं अस्तर लावून एक बटवा करून दिला. काही टोचू नये म्हणून बटण अस्तराच्या आत घातलं.

आज जेवणानंतर गटाची ऑर्डर शिवायला बसले होते. सुई हातातून सुटली आणि कापडाआडच्या बटणाला जाऊन चिकटली. रोजच चिकटते. आज मी तिच्याकडे बघत बसले. आम्ही चुंबकाचीच बटणं वापरतो.

वृषालीची एक रिकामी डबी घरात होती. तसाच दुसरा बटवा घेऊन डबी आत सरकवली आणि बोटानं चाचपलं. बटणाचा गोल डबीच्या एका कडेखाली अर्धाच येत होता.

लॅबमध्ये ती स्टीलचा चिमटासुद्धा फिल्मजवळ नेत नाही. पण आईनं शिवलेला बटवा कोण तपासतं?

मी मंचरच्या कॉलेजात बीएस्सी केलं त्याला तीस वर्षं होत आली, तेही केमिस्ट्रीत. मागे एकदा मी तिला म्हटलं होतं, डाग स्पिरिटनं पुसून बघ. "आई, तुझं आपलं काहीतरीच," म्हणाली. आजही तेच म्हणेल कदाचित. आणि माझं खरं निघालं, तर इतक्या दिवसांचा तिचा त्रास माझ्याच शिवणीतून आलेला असेल. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आगं, सकाळी बोल की. आता कशाला पोरीच्या डोक्याला ताप?"

पण रस्त्यावरची वाहनं थांबली, की टेबल हलत नाही, म्हणून ती मोजमापं रात्रीच घेते. पावणेबारा झालेत, म्हणजे ती आत्ता लेझरपाशीच असणार. सकाळी दहाच्या आत एक फेरी सहज होईल. फिल्म पुन्हा एका तोंडाची करायची आणि बटवा तिथंच ठेवून डबी नुसती हातात घेऊन यायची. कोर दिसली, तर तिनं मला खुशाल हसावं.

फोन लावते.