दातांखालची माती

केंदूरच्या पाझर तलावात गाळ भरायला गेलो, तर कोरड्या तळात एक बाई चाळण्यांची उतरंड मांडून बसलेल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर सुती टोपी. माती चाळून झाली की चाळणी ब्रशने झाडायच्या आणि चिमूटभर माती चक्क पुढच्या दातांखाली धरायच्या.

"मॅडम, माती खाताय व्हय?"

"खात नाही, दादा. कचकचते का बघते."

त्यांनी माझ्या ट्रॉलीतली चिमूट उचलली. कचकच मलाही ऐकू आली. आम्ही सगळे ओढ्याच्या तोंडाशीच गाळ भरायचो. तिथं ट्रॅक्टर रुतत नाही.

मग तलावाच्या बांधाच्या भिंतीजवळची चिमूट त्यांनी माझ्या हातावर ठेवली. ती दातांना लागलीच नाही.

"दोन्ही एकाच काळ्या दगडाच्या," त्या म्हणाल्या. "जाड कणांत तो दगड अजून तसाच आहे. बारीक कणांतला चुना, सोडा पाण्याने नेला, लोह मागं राहिलं आणि चिकणमाती झाली. पाणी आणि खत धरते ती हीच."

मी ट्रॉली तिथंच पालथी केली. भिंतीजवळ ट्रॅक्टर रुतला, मी शिव्या घातल्या, पण भरला तोच गाळ. या गडबडीत बाईंचं नाव विचारायचं राहिलं.

माझं रान निव्वळ मुरूम. दिलेलं पाणी खाली पळायचं. त्यावर तो गाळ पसरला. यंदा उन्हाळ्यात शेजारचे आप्पा बांधावर थांबून हळहळले, "आरं, तुझ्या रानाला भेगा पडल्या की!"

"आप्पा, मुरमाला कवा भेगा पडत्यात का? त्या काळ्या मातीलाच पडत्यात," मी म्हटलं आणि त्यांच्या हातावर चिमूटभर माती ठेवली. "दाताखाली धरून बघा."