वेशीच्या डोक्यावरून गेलेली एसटी

रविवार, ११ जानेवारी. सकाळी नागापूरहून निघालो, स्टँडवर कोपरगावची एसटी धरली, मेहुणीकडे जेवलो, दिवस मावळायच्या आत परत आलो.

जायचं मेहुणीनं, शोभानं ठरवलं. माझी बायको सुमन दिवाळीनंतर गेली. आमच्याकडे दुखवटा माहेरची माणसं गोड जेवू घालून सोडवतात. त्या जेवणाला आपण होऊन गावात शिरायचं नसतं. त्यांनी वेशीवर येऊन घेऊन जायचं. मी दोनदा काहीबाही सांगून टाळलं. मग शोभा म्हणाली, "दाजी, तुमी येईस्तोवर आमच्यात बी गोड शिजनार न्हाई." निघालो.

या रस्त्यानं जाणार असाल तर एसटीच बरी. रुंदीकरण चालू आहे. एक बाजू काँक्रीटची गुळगुळीत, दुसरी खोदलेली. मोटार नेलीत तर फास्टॅग भरून घ्या. राहुरीला वडापाव मिळाला, गरम होता. पुढे टोल चुकवणारे ट्रक गावागावांतून घुसलेले.

कोपरगावच्या अलीकडे शोभाचं गाव आलं, तशा शेजारच्या सीटवरच्या मावशी उठल्या. "वेशीपाशी थांबव रं."

"मावशे, वेस खाली ऱ्हायली. गाडी आता पुलावरून जाती," कंडक्टर म्हणाला.

"मग मी काय उडी मारू?"

"गाडी हळू घेऊ का?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो, आणि मग लक्षात आलं की मलाही तिथंच उतरायचंय.

पुलावरून खाली शोभा दिसली. हातात तांब्या, नजर जुन्या रस्त्याकडे. मी खिडकीतून हात केला, पण वर कोण बघतं? क्षणभर वाटलं, असंच कोपरगावला जावं आणि परतीची गाडी धरावी.

गाडी पुलापलीकडे थांबली. मावशींनी दंडाला धरलं. "उतरा की पाव्हनं, का तुमी बी उडी मारनार?"

गावातून चालत वेशीपाशी गेलो, तर शोभा दचकलीच. "अगं बाई! दाजी, तुमी आतून आलात?"

"अगं, तो पूल..."

"पूलबिल ऱ्हाऊ द्या. आधी वेशीभाईर व्हा."

"शोभे, जेवान गार झालं," तिचा नवरा म्हणाला. पण मला वाट मिळावी म्हणून रस्त्यात दोन्ही हात पसरून त्यानंच वेशीतून घुसणारा एक ट्रक अडवला.

ड्रायव्हर ओरडला, "इथं बी टोल हाय का?"

मी वेशीबाहेर गेलो. शोभानं पायांवर पाणी घातलं, हात धरला आणि आत नेलं. जेवायला लापशी होती. पहिला घास तिनं भरवला. तो बराच वेळ तोंडातच राहिला. दुसरा मी घेतला.

परतताना वेशीजवळच्या जुन्या स्टॉपवर थांबू नका, गाडी तिथं येत नाही. पुलाच्या टोकाला उभं राहायचं. तिथं पाटी नाही, पण हात केला की थांबतात. रस्ता पुरा झाल्यावर हा प्रवास लवकर उरकेल. मला मात्र आज खाली उतरवलं गेलं, ते बरं झालं.

घरी आलो. गॅसवर पाणी तापवलं, आरशापुढे उभा राहिलो आणि सुमन गेल्यापासून वाढलेली दाढी केली.