भाचीच्या लग्नाला निघालो आणि बॉम्बवाला ठरलो

वैशाखात साखरखेर्ड्याला भाचीचं लग्न होतं. आईला गुडघ्यांमुळे प्रवास झेपेना, म्हणून अकोल्याहून मी एकटाच निघालो. नुकताच कुठल्याशा दूरच्या शहरात एका साहेबावर बॉम्ब पडला होता आणि आमच्या वऱ्हाडात जो तो दुसऱ्याची गाठोडी चाचपू लागला होता. माझ्या गाठोड्यात घरचं घटिकापात्र होतं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की हळूहळू भरून बुडते, तेवढी एक घटका. गावात घड्याळं आहेत, पण मुहूर्त त्यांच्या हवाली करायला भटजी तयार नव्हते.

शेगावला उतरून समाधीचं दर्शन घेतलं. पुढे खामगावपर्यंत टांगा करावा लागतो. टांगेवाला तोंडाला येईल ते भाडं सांगतो. तुम्ही सरळ चालू लागा, तो मागून येतो. खामगावहून चिखलीमार्गे साखरखेर्ड्याकडे मोटार मिळते. पुढच्या बाकावर बसा, मागे नुसती धूळ. भाकर-झुणका बरोबर असू द्या, नाक्यावरची भजी कालची असतात.

मोटारीत शेजारी कापसाचा एक दलाल होता. "गाठोड्यात काय हाय, मास्तर?"

"वेळ मोजायचं भांडं."

गृहस्थ उठून मागे धुळीत जाऊन बसले. चिखलीच्या नाक्यावर उतरले ते थेट जमादाराच्या कानाला लागले.

"वाटी भरली का मंग काय होते?" जमादारानं मला विचारलं.

"अक्षता पडतात."

"सिधं सांगा, मास्तर!"

आता याहून सिधं काय सांगू? शेवटी बादली आणवली. वाटीला हात लावायला कोणी धजेना, म्हणून मीच ती पाण्यावर सोडली. जमादार, दलाल, मोटारीतली बायकापोरं सगळी चिंचेआड, आणि मी मास्तर भर उन्हात बादलीपाशी! वाटी बुडाली, चार बुडबुडे आले, एका म्हातारीनं किंकाळी फोडली. झालं.

वाटलं, आता सोडतील. तर जमादार म्हणतो, "आता नाही फुटलं, पन मंग फुटलं तं? सायबाले येऊ द्या." फौजदारसाहेब जेवून झोपले होते. मोटार मला टाकून निघून गेली. साहेब उठले, वाटी उलटीसुलटी करून पाहिली, "अरे, ही तर आमच्याही घरी आहे," म्हणाले आणि जा म्हणाले. डोकं फिरायची पाळी आली होती.

बैलगाडी करून दुसऱ्या दिवशी पोचलो. गोरज मुहूर्ताला वेळ होता. पण दाजींनी, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, मला मांडवाबाहेरच गाठलं.

"राग नोका मानू, मास्तर. मोटारीतल्या लोकायनं गावभर केलं का तुमाले बॉम्बापायी धरलं म्हनून. व्याही म्हन्ते, पोरीमागं मामा म्हनून दुसऱ्याले उभं करा."

"अहो, पण सोडलं ना मला!"

"सोडलं, हाव. पन धरलं व्हतं ना?"

आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. तिचा सख्खा मामा मी एकटाच. भांडलो असतो, पण लग्न मोडलं असतं तर तिचं. वाटी मात्र भटजींनी लगेच आत नेली. माझ्या जागी माझाच लांबचा एक चुलतभाऊ उभा राहिला आणि मी गर्दीत मागे. अक्षता पडायच्या आधी भाचीनं दोनदा मागे वळून पाहिलं. "नवरीले दम नाही," म्हणत बायका हसल्या. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

परतताना चिखलीला जमादारानं रामराम घातला. "कसं झालं लगन?" मी तोंड फिरवलं.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर खुशाल जा. रस्ता बरा आहे, पंगतीत वाढणारा हात सैल आहे, माणसं जीव लावणारी आहेत. त्याच माणसांचा राग अजून माझ्या मनातून जात नाही, त्याला काय करू?

घरी आल्यावर आईनं लग्नाचं सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, "मले जाता नाही आलं, पन तू तिच्यामागं उभा व्हता. म्हंजे मीच उभी व्हती, नाही का?"

"हाव," म्हणालो आणि पाय धुवायला न्हाणीकडे गेलो.