जगदेवी अक्का अन् बुजवलेले खाचे

उदगीरला स्टेशनच्या रस्त्याला जगदेवी अक्काचा टायपिंग क्लास हाय. एक खोली, नऊ कॉम्प्युटर, अन् कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून बसलेली अक्का. कोणी कीबोर्डकडं बघून टाइप केलं की तिची पट्टी टेबलावर पडती. बोटावर कधीच न्हाई. नुसत्या आवाजानं पोरी सरळ बसतेत.

मी नववीत शाळा सोडली तवा घरच्यांनी मला वाया गेली म्हणून सोडून दिलं होतं. अक्कानं एवढंच इचारलं, "धा बोटं हैत ना? मग बस." तिला कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठिवते.

यंदा दिवाळीनंतर कॉम्प्युटर लईच रडायला लागले. विंडोज चालू व्हायलाच पाव तास, अन् पोरगी टाइप करून राहिली की मधीच बंद. अक्काचा पुतण्या रुद्रेश, त्याचं शेजारी मोबाइलचं दुकान. त्याला दुकान वाढवायला ही खोली पाहिजे.

तो म्हणला, "काकू, बस करा आता. शनिवारी चारला भंगारवाल्याचा टेम्पो बोलवतो."

"अक्का, विंडोज काढून लिनक्स टाकू," मी म्हणलं. "फुकट हाय. जुन्या मशीनवर पळतं. मी मोबाइलवर बघून शिकले."

अक्कानं जरा इचार केला अन् रुद्रेशला म्हणली, "चारपर्यंत एक जरी मशीन चाललं तर क्लास ऱ्हाईल. न्हाई चाललं तर नऊच्या नऊ ने. खोली बी घे."

झालं. अक्का एकदा बोलली की मागं फिरत न्हाई.

क्लासात पेनड्राइव्हला सक्त बंदी, म्हणून मी लिनक्सची डीव्हीडी करून आणली. शनिवारी बारा वाजता घातली. पहिला मेनू आला. बाण दाबून इन्स्टॉल निवडलं, एंटर दाबलं. एकदम झकास. मग भाषेची यादी आली अन् कीबोर्ड मेला. बाण हलंना, एंटर लागंना. माउस बी ठार.

कीबोर्ड बदलला. तारा काढून परत लावल्या. मशीन धा वेळा बंद-चालू केलं. रुद्रेशच्या दुकानातनं नवा माउस मागून आणला, तो बी तसाच. रुद्रेश दारात उभा राहून म्हणतो, "काय म्हणतंय तुझं लिनक्स? जेवून झोपलं का?"

"तू तुझी स्क्रीनगार्ड चिकटव, जा!"

तीन वाजले तवा मी हात बाजूला घेतले अन् नुसतं बघत बसले. माउसच्या पोटातली लाल लाइट मेनूपर्यंत जळत होती. लिनक्स सुरू झालं की इझली. म्हणजे माउस बी चांगला अन् कीबोर्ड बी. सीपीयूच्या डब्याला पुढून दोन निळे यूएसबी खाचे, ज्यात दोघांच्या पिना घातल्या होत्या, तेच लिनक्सला ओळखू येत नव्हते. मागं जुने काळे खाचे असतेत, त्यात लावून बघावं म्हणून डबा भिंतीपासनं ओढला. बघते तर सगळे काळे खाचे बुजवलेले. वर दगडासारखी करडी लप्पी.

"अक्का, हे कोणी केलं?"

अक्कानं चष्मा काढला. "मीच."

मी क्लासात यायच्या आधी एका पोरानं पेनड्राइव्ह लावून व्हायरस आणला होता. परीक्षेला आठ दिवस, अन् सरावाचे सगळे उतारे गेले. अक्कानं नळाची गळती बंद करायचं एम-सील आणलं अन् एका दुपारात नऊ मशीनचे काळे खाचे भरून टाकले. निळे समोर, नजरेखाली, म्हणून तेवढे ठिवले.

"लई शहाणपणा केला बघ मी," अक्का बारीक आवाजात म्हणली.

"बरोबरच केलं! पोरंच नालायक होती."

म्हणले अन् लगेच डब्यामागं वाकले. मोबाइलची बॅटरी लावून लप्पी खरवडता येती का बघत होते, तर वरच्या बाजूला जुन्या कीबोर्डच्या पिनेचं एक गोल भोक उघडं दिसलं. त्यात पेनड्राइव्ह शिरतच न्हाई, म्हणून अक्कानं सोडलं असणार.

"अक्का, गोल पिनेचा कीबोर्ड हाय का हो एखादा?"

अक्का स्टुलावर चढली. माळ्यावरनं खोकं काढलं. क्लास काढला तवाचे कीबोर्ड, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. एक लावला, मशीन परत चालू केलं. यादी आली. बाण दाबला. यादी हलली!

पण पुढच्या पानावर मी आडकले. बटणावर क्लिक कराया माउस कुठनं आणू?

"सरक तिकडं," म्हणून अक्का बसली. टॅब. टॅब. स्पेस. एंटर. नजर पडद्यावर, बोटं आपली चाललेली. "माउस नव्हता तवा आम्ही काय हात बांधून बसायचो?"

टेम्पोचा हॉर्न वाजला तवा अक्का लिनक्सवर उतारा टाइप करून राहिली होती. रुद्रेश आत आला, वाकून बघितलं.

"काकू, माउस कुठंय?"

"टायपिंगला माउस कशाला लागतो रे?" अक्कानं नऊच्या नऊ माउस पिशवीत भरले अन् त्याच्या हातात दिले. "टेम्पो रिकामा नको जायला."

रुद्रेशला हसू आवरंना. पिशवी घेऊन गेला बिचारा.

रविवारी आम्ही उरलेले आठ केले. पाच अक्कानं, तीन मी.